थापीचा फराटा

सव्वापाचला इनासने गाडी काढली,
शारजात बांग संपता संपता.
इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता.
मी म्हटलं, लग्नाला निघालास का?
म्हणाला, मिस्साला जावं तसं जायचं.
पडकं असलं तरी देऊळ ते देऊळ.
वसईकडे चर्चला देऊळच म्हणतात.

उम्म अल कुवैन
अजून तोंडावर पाणी मारत होतं.
किल्ल्याच्या भिंतीत समुद्रातले दगड,
भोकाभोकांचे, शिळ्या घावनासारखे.
मोत्यांवर शिरजोर झालेली घरं,
काही लिंपून घेतलेली, काही तशीच:
दार उघडं, आत मांजर, आत खारा वारा.
मी नखाने भिंत खरवडून पाहिली.
बावीस वर्षं गिलावा करतोय,
भिंत दिसली की बोटं शिवशिवतात.

धक्क्यावर दोन करक चहा.
नाववाला शफिउल, चितगावचा.
"उधर कुछ नहीं है भाई, पत्थर है."
खाडीचं पाणी तिवरांच्या गळ्याशी आलेलं.
पाणकावळे पंख वाळत घालून बसलेले,
सुट्टीच्या दिवशी आमच्या गॅलरीत
कपडे असतात, तसे.

बेटावर खरंच काही नव्हतं.
गुडघ्याएवढ्या भिंती, दोरी,
आणि स्टुलावर राखणदार टेकबहादूर.
"ये किचन. ये भट्टी. ये पानी का हौद."
'था' म्हणत नव्हता,
जणू मठातली माणसं आत्ताच ड्युटीवर गेलीत.

इनासने बूट काढले. मोजे काढले.
वेदी कुठे, विचारलं.
टेकबहादूरने पूर्वेकडे हनुवटी उडवली.
तिथे तो उभा राहिला. बघता बघता
शर्ट पाठीला चिकटला.
काय पुटपुटला ते कळलं नाही,
त्याच्या बोलीत होतं, आणि वारा होता.

मी खोल्या पावलांनी मोजल्या.
त्यांची साडेसहा बाय आठ, एक माणूस.
आमची बारा बाय चौदा, सहा माणसं.
त्यांनी लग्न केलं नाही.
आम्ही केलं,
आणि वर्षाला तीस दिवस संसार.
हिशेब जुळेना. सोडून दिला.

मग हौदाच्या कडेला तो दिसला.
गिलाव्याचा टवका, तळहाताएवढा,
त्यावर थापीचा एक फराटा,
उजवीकडून डावीकडे.
डावखुरा होता.
शेवटी हात जरा आधीच उचललेला,
जेवणाची शिटी झाली की
आम्ही उचलतो, तसा.

मेस्त्री, कुठला रे तू?
इथलाच, की तुलाही कुणी
काम आहे सांगून होडीत बसवलं?
रोजी कशात मिळायची, खजुरात?
घरी कोण होतं?

"हात मत लगाना," टेकबहादूर म्हणाला.
मी दोरीच्या अलीकडूनच,
फराट्यावर हवेत हात फिरवला.
उजवा. उलटा पडला.
मग डावा.

भट्टीपाशी बसून भाकरी खाल्ली, सुक्या जवळ्याची चटणी.
टेकबहादूरला दिली, त्याने तिखट म्हणत
दोनदा घेतली.

परतताना ओहोटी. नाव गाळात रुतली.
तिघे उतरलो, मांडीभर चिखलात.
इनासच्या शर्टाचं पोतेरं झालं,
आणि नाव ढकलता ढकलता तो हसत सुटला,
मिस्सा संपल्यावर पोरं बाहेर येऊन हसतात, तसा.
मला विचारलं, तू काय मागितलंस?
म्हटलं, मागायचं राहूनच गेलं.

सोमवारी एकतिसाव्या मजल्यावर
न्हाणीघराची भिंत होती.
टाइलवाला यायला अजून तास.
थापी डाव्या हातात घेतली.
फराटा वाकडा आला. राहू दिला.

दुपारी त्यावर पांढरी टाइल बसली.
रात्रभर डावं मनगट ठणकलं.